फळा पुसणारी

टेकडीवरच्या काँक्रीटच्या शाळेत
रोज संध्याकाळी सहाला मी फळा पुसते.
खाली डॅन्यूब, वर धुकं,
मधे ही लांबट इमारत, रंग न दिलेली.
मुद्दाम दिलेला नाही म्हणतात.
बॉम्ब पडल्यावर आमची गल्लीही अशीच दिसायची;
तिला मुद्दाम कुणी म्हटलं नाही.

फळ्यावर डॉक्टर टीडेमान यांचं अक्षर.
चौकटी, चौकटींना जोडणारे बाण,
एक बाण मागे वळून पहिल्याच चौकटीत शिरलेला,
किल्ली घरात विसरलेल्या माणसासारखा.
डावीकडे ‘जे आहे’,
उजवीकडे ‘जे असायला हवं’,
आणि मधे दोनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह.
ओल्या फडक्याला सगळं सारखंच.
गिरवलेलं तेवढं जरा उशिरा जातं.

मुलं हुशार आहेत.
फेब्रुवारीभर वाद घालत होती,
आधी खुर्ची की आधी बसणं.
झीगलिंडे नावाची एक, कमी बोलणारी,
म्हणाली, बसण्याआधी दमणं असतं.
मी बादली खाली ठेवली.
वाटलं, हिला घरी न्यायला हरकत नाही.

घरी आन्सेल्म.
त्याचा डावा हात पूर्वेकडच्या बर्फात राहिला.
उजवा अजून पाव कापायला बसला
की पाव धरणाऱ्याची वाट बघतो.
पहिलं वर्षभर मी कापून दिला.
दुसऱ्या वर्षी त्यानं खाणंच कमी केलं.

मग एका रात्री तो झोपल्यावर
मी बीचची फळी घेतली,
खालून दोन खिळे ठोकले, टोकं वर आली.
कडेला एक पट्टी, टेबलाला अडायला.
खिळे फार जवळ पडले होते,
पाव भोवऱ्यासारखा फिरला.
उपटले. लांब ठोकले.
शेजारचे भिंतीवर थापा मारत होते.
सकाळी आम्ही दोघंही काही बोललो नाही.
त्यानं सहा तुकडे कापले,
एक माझ्या बशीत ठेवला.
जाड, तिरका, एका बाजूला निमुळता.
असा पाव मी त्यानंतर कुठे खाल्ला नाही.

झीगलिंडेनं फळी वर्गात नेली.
तिनं स्वतः चाळीस हात मोजले होते,
तक्ते होते, पकडींची चित्रं होती.
टीडेमान यांनी तक्ते बाजूला सारले नाहीत, तेही वाचले,
मग फळी उलटी केली
आणि बोटानं जुन्या भोकांवर थांबले.
ही कसली?
चुकलेली, मी म्हटलं.
बराच वेळ बोट तिथंच.
आता वाखाणतील असं वाटलं. तर विचारलं,
खिळे दोनच का? तीन का नाहीत?

मला राग आला.
घरी पाव खाणाऱ्याला खिळे मोजायची सवय नसते.
पूल ओलांडेपर्यंत मनात शिव्या,
पुलाच्या पलीकडे मात्र उत्तर:
तिसऱ्यावर पाव दाबून बसवायला जोर लागतो,
आणि त्या जोराला दुसरा हात.
म्हणजे मला ठाऊक होतं.
ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं.
दोन वर्षं ते माझ्या मनगटात राहत होतं,
भाडं न देता, आवाज न करता,
आणि या माणसानं नुसती कडी वाजवली.

दुसऱ्या संध्याकाळी फळ्यावर चार ठिपके:
दोन भरीव, दोन पोकळ.
पोकळांभोवती चौकट. शब्द एकही नाही.
तो मागे वळणारा बाण
या वेळी पोकळ ठिपक्यांतून निघाला होता.

पुसू नका, असं कुणी लिहिलं नव्हतं.
मी पुसला. सकाळी आठला भूमितीचा वर्ग असतो.

आन्सेल्म विचारतो, आज काय होतं फळ्यावर?
आपली फळी, मी म्हणते.
तो हसतो, आणि कांदा पुढे ठेवतो.
कांदा लहान, गोल, निसरडा,
खिळे त्याला फार लांब.
कांद्याचं अजून जमलेलं नाही.